नवसूच्या सरणावरचा भात

प्रवासाहून परतलेला माणूस आधी तिथली हवा सांगतो, मग पाणी, मग वाटेत काय काय खाल्लं ते. मीही ते सांगणार आहे, कारण नाशिकच्या माझ्या स्नेह्यांपैकी फार थोडे जव्हारकडे गेले आहेत आणि जे गेले ते हिवतापाखेरीज दुसरं काही सांगत नाहीत. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. या प्रवासात मी एका जिवंत माणसाचं सरण जाळलं आणि त्यावर भात शिजवून खाल्ला. भात चांगला मऊ झाला होता.

त्र्यंबकच्या पुढे

मी शाळामास्तर. तीस वर्षं नाशिकला मुलांना व्याकरण आणि नीतिपाठ शिकवून या प्रवासाच्या आदल्या वर्षी निवृत्त झालो. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात एक सुविचार लिहायचा हा माझा नेम होता. ते लिहून लिहून मनुष्यस्वभाव आपल्याला पुरता कळला आहे, अशी माझी समजूत झाली होती. ती समजूत घेऊनच मी निघालो.

माझा जुना विद्यार्थी वामन जव्हार संस्थानच्या शाळेत मास्तर आहे. उन्हाळ्यात इथल्या हवेला तोड नाही, एकदा याच, असं तो दरवर्षी लिहायचा. त्या वर्षी माझ्या छातीत अधूनमधून कळ येऊ लागली, वैद्यांनी हवापालट सांगितला आणि वैशाख अर्धा सरल्यावर मी त्र्यंबकला जाऊन गाडी ठरवली. गाडीवान सोमा, पन्नाशीचा. माणसांशी कमी आणि बैलांशी जास्त बोलणारा. बैल त्याचं ऐकत असत, त्यामुळे त्याची आवडनिवड मला समजण्यासारखी वाटली.

त्र्यंबक मागे पडलं की रस्ता घाटातून खाली उतरतो आणि देश संपल्याची खूण पटते. वैशाखात इथले साग उघडे असतात, ऐनाला नवी पालवी फुटलेली असते आणि करवंदीच्या जाळ्या काळ्या झालेल्या असतात. उतारावरच्या शेतात ठिकठिकाणी जळक्या काळ्या चौकटी दिसल्या. वणवा लागला होता का, असं मी विचारलं. सोमा म्हणाला, ‘राब हाय तो. भाताचं रोप टाकायच्या आधी तिथं पालापाचोळा, शेणी जाळत्यात. रोप जोरात येतं.’ आम्ही देशावरची माणसं आधी पेरतो आणि मग देवाची वाट बघतो. इथली माणसं आधी जाळून मग पेरतात. मला ते जरा उलटं वाटलं.

आता माझा एक हट्ट सांगायला हवा, कारण सगळं त्यातून उभं राहिलं. प्रवासात मी दुसऱ्याच्या हातचं खात नाही. सोवळ्यात स्वतः शिजवतो. चुलीचे दगडही स्वतः आणतो, कुणी शिवलेले चालत नाहीत. माझी बायको होती तोवर या हट्टाला ती हसायची. ती गेल्यावर हट्ट अधिकच घट्ट झाला.

मोखाड्याला एक मुक्काम केला. मोखाडा इंग्रजी मुलखात आणि पुढे जव्हार संस्थानचं राज्य. हद्द ओलांडली हे सोमाने सांगितलं म्हणून कळलं, एरवी झाडं तीच आणि धूळही तीच. मोखाडा सोडून दोन-अडीच कोस आलो आणि एका ओढ्याच्या उतारावर गाडीचा आस मोडला. गाडी एका अंगावर कलंडली, माझी ट्रंक आणि मी दोघेही करवंदीच्या जाळीत गेलो. ट्रंकेला काही झालं नाही.

ओढ्याकाठी

सोमाने बैल सोडून झाडाला बांधले आणि सुतार आणायला तो मोखाड्याला परत गेला. येईपर्यंत संध्याकाळ होणार होती. मी अंघोळ करून, सोवळं नेसून स्वयंपाकाच्या तयारीला लागलो. ओढ्यातून दोन दगड मिळाले, तिसरा हवा तसा मिळेना. रस्त्याच्या वरच्या अंगाला कातळाची एक कपार होती आणि तिच्या आडोशाला लाकडांची रास रचलेली होती. पुरुषभर लांबीचे ओंडके, साल काढलेले, अगदी नीट एकावर एक. राशीच्या डोक्यावर एक दगड होता, स्वच्छ, चपटा, जणू माझ्याच चुलीसाठी कुणी ठेवलेला. मी तो उचलला. लाकडं कुणाची असतील हा विचार आला, पण रानातलं लाकूड म्हणजे रानाचं, असं म्हणून त्यातलंही एक ओढून घेतलं. टोक चुलीत घातलं आणि जळेल तसं पुढे सारत गेलो.

दुपारी कांदा आणि गूळ भरलेल्या तीन गाड्या मागून आल्या. त्या जव्हारच्या बाजाराला निघाल्या होत्या. पुढच्या झाडीत वाघाची कुणकुण होती म्हणून त्यांनी आमच्याबरोबरच थांबायचं ठरवलं. आठ-नऊ माणसं होती. त्यांनी रास पाहिली, तिच्यावर काही नाही हे पाहिलं आणि निर्धास्त लाकडं काढली. सगळ्यांच्या भाकऱ्या झाल्या, अंधार पडताना बैलांच्या भोवती मोठी धुनी पेटली. सकाळी उजाडताच ते निघाले, आणि पुढच्या मुक्कामाला हवीत म्हणून चारदोन ओंडके गाड्यांवर टाकून घेऊन गेले. आम्ही मागे राहिलो, कारण सुताराचं काम अजून चाललं होतं.

ऊन चढायच्या आत खालच्या पायवाटेने एक म्हातारा वर आला. अंगात फक्त लंगोटी आणि खांद्यावर घोंगडीची घडी. घडीवर एक वाळका ओंडका. चार पावलं चालायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा. कपारीपाशी आल्यावर त्याने ओंडका हळूच खाली ठेवला, उरलेल्या पाच-सहा लाकडांकडे पाहिलं, धुनीच्या राखेकडे पाहिलं आणि मग तो माझ्या चुलीशी येऊन बसला.

‘भात शिजला ना नीट?’ त्याने मला विचारलं.

‘शिजला,’ मी म्हणालो.

‘शिजंलच. ऐनाचं लाकूड हाय. दोन उन्हाळे वाळलंय.’

तो मला सरळ ‘तू’ म्हणत होता. या डोंगरात सगळ्यांना तसंच म्हणतात, राजेसाहेबांनासुद्धा, असं वामनने मला पुढे सांगितलं. त्या वेळी मात्र तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला तसं म्हणत होतं आणि मला राग यायला हवा होता. पण त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मलाही तो आणता आला नाही.

सोमा सुताराजवळून उठून आला. त्याने एकदा राखेकडे, एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘बाबा, ह्या राशीवर दगड व्हता का?’

‘व्हता.’

मग दोघांनीही माझ्या चुलीकडे पाहिलं. तिसरा दगड एका अंगाने काळा झाला होता.

सोमाने मला समजावलं. या मुलखात कुणी रानात लाकूड, मोहाची फुलं, आंबे, काहीही गोळा करून ठेवलं आणि वर दगड ठेवला, की ते त्याचं. वर्षभर पडून राहिलं तरी कुणी हात लावत नाही. ‘दगड न्हाई म्हंजी रास कुणाचीच न्हाई,’ सोमा म्हणाला. ‘गाडीवाल्यांचा काय गुन्हा? तुमी दगड काढलात, मास्तर.’

घरांना कुलूप नाही आणि रानात एका दगडाचा एवढा दरारा, हे ऐकून एरवी मी वहीत टिपून घेतलं असतं. तेव्हा मी घाईघाईने कनवटीचा रुपया काढला. म्हाताऱ्याने तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि मला परत दिला.

‘ह्यो जळत नाय,’ तो म्हणाला. ‘मना सरणाला लाकूड पायजे.’

त्याचं नाव नवसू. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्याचा पाडा होता, आठ-दहा झोपड्यांचा. नागली, वरी आणि थोडा भात पिकवायचा. तो जे सांगत होता ते अगदी सहज, शेतातलं काही सांगावं तसं. त्याची बायको श्रावणात गेली. पावसाने आठ दिवस डोळा उघडला नव्हता. रानातलं लाकूड ओलं, घरातलं सरपण चार काटक्या. प्रेत दोन दिवस घरात राहिलं. शेवटी मुलाने घराचे वासे काढले आणि त्यावर तिला जाळलं. मग उरलेला पावसाळा सगळं घर निम्म्या छपराखाली बसलं. त्यात नातू आजारी पडला तो कसाबसा वाचला.

‘मी बी पावसातच जाणार,’ नवसू म्हणाला. ‘उन्हाळ्यात दम बरा असतो. पाऊस लागला का छाती भरते. मी गेलो म्हणून घराचं छप्पर जायला नको. म्हणून दोन उन्हाळे जमवत व्हतो. वाळलेलं पडलेलं बघायचं, तोडायचं, एक-एक आणायचं.’

‘मुलगा मदत करत नाही?’

‘काळू?’ तो हसला. ‘जित्या बापाच्या सरणाला कोणता पोरगा कुऱ्हाड लावंल? पाड्यावर बी कोणी लावत नाय. म्हणतात, तुझं मरण आमी मागितलं असं व्हईल.’

मी हिशोब केला. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आला होता. त्याला एक ओंडका आणायला सकाळ लागत होती.

‘जाऊ दे,’ तोच मला म्हणाला. ‘तुला ठावं नव्हतं.’ तो उठला, माझ्या चुलीतून दगड काढून घेतला, त्यावरची काजळी पानाने पुसली आणि उरलेल्या लाकडांवर ठेवून खाली निघून गेला.

आस बसला. सोमाने बैल जुंपले. मी गाडीत चढलो, आणि हे लिहिताना लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं वाटलं.

जव्हार

वामनने हवेबद्दल एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. जव्हारला दुपारीसुद्धा वारा असतो आणि तो पश्चिमेकडून, समुद्राची आठवण घेऊन येतो. गाव लहान. एक बाजाराचा रस्ता, राजवाडा, कचेरी, शाळा, दवाखाना. कचेरीतला कारकून आणि बाजारात करवंदं विकायला आलेली कातकरीण एकाच आंब्याखाली बसून उन्हं उतरायची वाट बघतात. वामनची बायको पुण्याकडची, तिने मला गावभर फिरवून आणायचं काम नवऱ्यावर सोपवलं आणि आमरस काढायला बसली. इथले रायवळ आंबे बोराएवढे लहान आणि नुसते चोखायचे. दहा-बारा चोखले तरी समाधान होत नाही आणि तोवर धोतर रंगलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वामनला सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून थांबला.

‘एवढंच ना, गुरुजी? चार मजूर पाठवू. लाकूड तोडून, रचून येतील.’

संध्याकाळी चार मजूर अंगणात आले. काम ऐकलं, तेव्हा माना डोलावल्या. कुणासाठी आणि कशासाठी ते ऐकलं, तेव्हा त्यातला सर्वांत मोठा पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाला, ‘नवसू मना भाऊ लागतो. तो जिता हाय.’ आणि चौघेही निघून गेले. दुसरे बोलावले, ते अंगणातही आले नाहीत. तोवर बातमी पोचली होती.

‘हे काम या मुलखात कुणी करायचं नाही,’ वामन म्हणाला. ‘राजेसाहेबांचा हुकूम काढला तरी नाही.’

त्या संध्याकाळी आम्ही शिरपामाळावर गेलो. शिवाजी महाराजांचा इथे मुक्काम झाला होता म्हणून लोक आवर्जून येतात. माळावरून खाली डोंगरांच्या ओळी एकामागे एक निळ्या होत जाताना दिसतात. वामन इतिहास सांगत होता आणि माझं लक्ष नव्हतं. आमच्याकडेही म्हातारी माणसं मरणाची तयारी करतात. माझ्या आईने काशीहून आणलेली गंगा देव्हाऱ्यात वीस वर्षं जपली होती. पण तिच्याकडे कुणी बोट दाखवत नसे आणि तिचं नावही काढत नसे. आपण मरणाची वस्तू घरात ठेवतो आणि शब्द बाहेर ठेवतो. नवसू दोन्ही घेऊन राजरोस रस्त्याने चालत होता. आणि मी त्याच्या वाटेत आडवा आलो होतो.

‘वामन,’ मी म्हणालो, ‘त्याचं मरण मागितल्याचा दोष घरच्यांना लागेल, शेजाऱ्यांना लागेल. मला कसा लागेल? मी त्याचं लाकूड जाळलं आहे. माझ्याकडून ते येणंच आहे.’

वामनने मान वर केली. ‘म्हणजे तुम्हीच लाकडं तोडणार? तुमच्या छातीत कळ येते ना?’

‘हळू तोडीन,’ मी म्हणालो.

पाड्यावर

चौथ्या दिवशी सोमा परतीला निघाला, त्याच्याच गाडीने मी ओढ्यापर्यंत आलो. वामनने कुऱ्हाड दिली होती. सोमाने ती माझ्या हातात देताना माझ्या हातांकडे पाहिलं आणि आठवड्याने परत येतो म्हणून सांगून गेला.

नवसूची झोपडी कुडाची, शेणाने सारवलेली, आतून थंडगार. सून रखमी नागली दळत होती. नवसूने मला पाहिलं, कुऱ्हाड पाहिली आणि त्याला इतकं हसू आलं की खोकला लागला.

‘तू तोडणार?’

‘मी तोडणार.’

‘तोड मग,’ तो म्हणाला, आणि लगेच घोंगडी खांद्यावर टाकून मला पडलेली झाडं दाखवायला उठला.

मुलगा काळू संध्याकाळी शेतातून आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, थोडा लंगडणारा. त्याने माझ्याशी बोलायचं टाळलं. पण मी ओढ्यावर हात धुवायला गेलो तेव्हा तो मागून आला.

‘तू जाळलंस ते बरं केलंस, गुरुजी,’ तो म्हणाला. ‘आता परत भरू नको.’

‘का रे?’

‘बाबा त्या राशीसाठी सकाळी उठतो. रोज. रास पुरी झाली का तो बसंल. बसला का गेला.’

‘आणि पावसात गेला तर? घराचं छप्पर काढशील?’

तो ओढ्यात हातपाय धुऊन निघून गेला.

मी पेचात पडलो. बापाला हवं ते केलं तर मुलाचं म्हणणं मोडतं, मुलाचं ऐकलं तर बापाला फसवल्यासारखं होतं. फळ्यावर लिहिलेल्यांपैकी एकही सुविचार त्या वेळी कामाला आला नाही. शेवटी मी आपलं साधं धरलं: जे जाळलं ते परत द्यायचं. पहाटेपासून ऊन तापेपर्यंत आणि उन्हं उतरल्यावर थोडं, असं तोडू लागलो.

पहिल्या दिवशी एक ओंडका झाला आणि तळहाताला चार फोड. नवसू सावलीत बसून सूचना देत होता. ‘लाकडाला मारू नको, खाली जाऊ दे कुऱ्हाड.’ ‘एवढा राग कशाला, त्यानं काय केलंय?’ दुसऱ्या दिवशी रखमीने माझ्या फोडांवर काही पाला वाटून लावला आणि काही न विचारता माझ्यापुढे नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि उडदाची आमटी ठेवली. मी स्वयंपाकाच्या तयारीने आणलेला तांदूळ तसाच पिशवीत होता. दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या. मी जेवलो. सोवळं तिथेच संपलं आणि आकाश कोसळलं नाही. खुरासणीची चटणी इतकी चांगली असते हे मला साठ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

नवसूशी बोलायला वेळ मिळायचा. त्याला शाळेबद्दल फार कुतूहल. मी फळ्यावर सुविचार लिहायचो, हे मी त्याला सांगितलं.

‘रोज नवा?’ त्याने विचारलं.

‘रोज नवा.’

‘मग कालचा काय करायचास?’

‘पुसायचो.’

त्याने खूप विचार केला. ‘मग पोरं कोणता पाळायची?’ त्याने विचारलं. तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की रास वाढत नाही. मास्तराला मोजायची खोड असते. मी आलो तेव्हा राशीत सात ओंडके होते, पाच दिवसांत मी नऊ तोडले होते, म्हणजे सोळा व्हायला हवे होते. होते बारा. दगड मात्र जागच्या जागी. मला संताप आला. दगडाचा एवढा मान असलेल्या मुलखात दगडाखालून चोरी, आणि तीही अशा लाकडाची.

सहाव्या दिवशी मी उजाडतानाच कपारीपाशी जाऊन बसलो. काळू आला. त्याने दगड दोन्ही हातांनी उचलला, बाजूला ठेवला, एक ओंडका खांद्यावर घेतला आणि दगड पुन्हा नीट जागेवर ठेवून निघून गेला. देवापुढचं फूल हलवावं इतक्या जपून त्याने ते केलं होतं.

नवसूला सांगावं की नाही, यात माझी सकाळ गेली. शेवटी न राहवून मी सांगितलं.

‘ठावं हाय,’ तो म्हणाला.

‘कधीपासून?’

‘पहिल्या लाकडापासून.’

‘मग बोलत का नाही तुम्ही, बाबा?’

‘बोललो तर लाजंल. लाजला का थांबंल, नायतर बसंल माझ्यापुढं रडत. असं बरं हाय. मी आणतो, तो नेतो. दोन वरीस आमचं चाललंय.’ त्याने हाताने घराकडे दाखवलं. ‘घरामागं गेलास का कधी? नाय ना? जा, बघून ये. पण मना ठावं हाय हे काळूला सांगू नको.’

‘नाही सांगत,’ म्हणून मी गेलो. घराच्या मागे, छपराच्या उतरत्या पाखीखाली, सागाच्या पानांनी वरून आणि बाजूने शाकारलेली, दुसरी रास होती. खाली वाळवी लागू नये म्हणून दगड रचले होते आणि दगडांच्या पायाशी राख घातली होती. ओंडके पुरुषभर लांब. एकाचाही तुकडा केलेला नाही, एकही जाळलेला नाही. बोटाने वाजवून पाहिलं, खणखणीत कोरडे.

मागून पावलं वाजली. काळू होता.

‘जळण हाय,’ तो म्हणाला. ‘पावसासाठी.’

‘चुलीला एवढं लांब?’

त्याने मान खाली घातली.

‘आयच्या टायमाला वासे मी काढले,’ तो म्हणाला. ‘वरून पाऊस, न मी वासे काढतोय. त्या कपारीत पाऊस आडवा शिरतो. बाबाला दिसत नाय आता. तिथलं सगळं भिजलं असतं. घरात आणतो म्हणालो असतो तर म्हणाला असता, माझं सरण रचतोस. मी रचत नाय. मी नुसतं कोरडं ठेवतोय.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तू त्याला सांगू नको, गुरुजी.’

‘नाही सांगत,’ मी म्हणालो.

मी आणखी दोन दिवस लाकडं तोडली. काळूने मग मला कुठलं खोड आधी धरावं ते नुसतं नजरेने दाखवायला सुरुवात केली, कुऱ्हाडीला हात मात्र लावला नाही. सोमा आला तेव्हा नवसू रस्त्यापर्यंत चालत आला. ‘पुढच्या खेपेला दगड पायाखालचा घे,’ एवढं म्हणाला आणि खालच्या वाटेने वळला. पुढे कुठेतरी त्याने एक ओंडका हेरून ठेवला असावा.

नाशिक

घरी आल्यावर लोकांनी हवा विचारली, मी हवा सांगितली. दोन्ही वचनं पाळायची म्हणून बाकीचं कुणाला सांगितलं नाही. छातीची कळ मात्र परत आली नाही. वैद्य त्याचं श्रेय जव्हारच्या वाऱ्याला देतात.

त्यानंतरचा पावसाळा नवसूने काढला. पुढच्या वर्षी श्रावणात वामनचं पत्र आलं. नवसू गेला. सहा दिवस संततधार होती, ओढ्याला पूर होता, वामनला जाता आलं नाही. घराचा एक वासाही हलला नाही, असं पाड्यावरच्या माणसाने त्याला सांगितलं. लाकूड पेटायला वेळ लागला नाही.

पत्राच्या शेवटी वामनने लिहिलं होतं, की पूर ओसरल्यावर काळू चालत जव्हारला आला. शाळेच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिला. मुलं घरी गेल्यावर आत येऊन म्हणाला, ‘गुरुजीला कागद लिही. विचार, बाबाला ठावं व्हतं का.’

मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. मी नवसूला शब्द दिला होता. शब्द दिला तो माणूस गेला म्हणून शब्द सुटतो का, हे मला तीस वर्षांच्या नीतिपाठात कुठेच सापडलं नाही. मग मला वाटलं, नवसूला भीती होती ती एवढीच, की कळलं तर काळू थांबेल. आता थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वामनला लिहिलं, की हे काळूला शब्दशः वाचून दाखव: तुझ्या बापाला ठाऊक होतं. तुझा लंगडा पाय मातीत आडवा उमटतो. ओझं असलं की जास्त खोल. तू पहिलं लाकूड नेलंस त्या सकाळी तुझी ती पावलं कपारीपासून घरापर्यंत त्याने पाहिली होती. आणि तू शेतावरून यायच्या आत त्याने ती पायाने पुसून टाकली होती, तुझ्या बायकोच्या नजरेला पडली तर बोलणं निघेल आणि तू लाजून थांबशील म्हणून. हे त्याने मला हसत हसत सांगितलं होतं.